चाळ, ढोलकी आणि पाऊल: खान्देशी तमाशातील जुने नाच नोंदवून पुन्हा उभे करण्याची पद्धत

खान्देशातल्या एखाद्या जुन्या फडमालकाच्या, म्हणजे तमाशाचा संच चालवणाऱ्याच्या, घरी वगांची (तमाशातल्या कथानाट्यांची) हस्तलिखित बाडे आजही निघतात. वगातले सवाल-जवाब, पदे, सरदाराची आणि सोंगाड्याची भाषणे त्यांत शब्दन् शब्द लिहिलेली असतात. मात्र नाचाची जागा आली की लिहिणाऱ्याने "येथे गवळणींचा नाच" किंवा "दरबारात मुजरा" एवढ्यावरच भागवलेले असते. त्यात त्याचा दोष नाही. नाच तालमीत शिकवला जात होता, हंगामभर रोज रात्री होत होता, आणि तो कधी विसरला जाईल असे वाटण्याचे कारणच नव्हते. परिणाम असा झाला की शब्द राहिले, चाली बऱ्याच अंशी कॅसेटींवर राहिल्या, आणि ज्या नाचासाठी लोक गाड्या जुंपून यात्रेला येत होते, तो नाच ज्यांच्या पायांत होता त्यांच्याबरोबर चालला आहे.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील संगीतिकांचे गाणे आणि संहिता छापली जात असे, नाच मात्र कलावंतांच्या आठवणीतच राहत असे. म्हणून ली थिओडोर या नर्तकीने १९७६ मध्ये 'अमेरिकन डान्स मशीन' नावाची संस्था जुन्या संगीतिकांमधील नाच जपण्यासाठीच काढली. जेरोम रॉबिन्स या ख्यातनाम नृत्यदिग्दर्शकाने १९८९ मध्ये आपल्याच जुन्या नाचांचा एकत्रित प्रयोग न्यूयॉर्कमध्ये केला, तेव्हा त्यांतले काही नाच त्यालाही पूर्ण आठवत नव्हते. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांत नाचलेल्या कलावंतांना बोलावून, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी जुळवत ते पुन्हा बसवावे लागले. भरपूर पैसा आणि साधने असलेल्या रंगभूमीची ही स्थिती असेल, तर आनंदराव महाजन जळगावकर, भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू पाटील सिंधीकर यांच्यासारखे फड ज्या प्रदेशात गाजले, तेथील नाचांसाठी आता थांबून चालणार नाही.

या लेखात सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तमाशातला नाच एकट्या नाचणाऱ्या माणसाच्या अंगात नसतो. तो ढोलकी आणि पाऊल यांच्यामध्ये असतो. म्हणून ढोलकीवाला आणि नाचणारी व्यक्ती यांना समोरासमोर बसवल्याखेरीज घेतलेली कोणतीही नोंद, ती कितीही महागड्या कॅमेऱ्याने घेतलेली असली तरी, अर्धीच राहते.

पहिली पायरी: एकच नाच निवडावा

"खान्देशी तमाशाचे जतन" असे मोठे नाव देऊन कामाला लागले की वर्षभरात मुलाखतींचा ढीग साचतो आणि एकही नाच उभा राहत नाही. त्याऐवजी एक गवळण, किंवा एखाद्या वगातला एक मुजरा निवडावा. निवडताना तो किती प्रसिद्ध होता हे पाहू नये; तो माहीत असलेली किमान दोन माणसे हयात आहेत का, आणि त्यांपैकी एक वाजवणारा आहे का, हे पाहावे. पहिल्या कामासाठी गवळण सोयीची असते, कारण तिचा सांगाडा बहुतेक फडांत सारखा आहे: गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, मावशी पुढे होते, पेंद्या आणि कृष्ण वाट अडवतात, आणि या प्रत्येक वळणाला ढोलकी बदलते. वगातला नाच कथेत गुंतलेला असल्यामुळे त्याला हात घालण्यापूर्वी पूर्ण वग समजून घ्यावा लागतो.

रंगबाजीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रंगबाजीत, म्हणजे गवळण आणि वग यांच्या मधल्या नाचगाण्यांच्या भागात, चित्रपटगीतांवरचे नाच आले, हळूहळू ढोलकीची जागा ड्रमपॅड आणि कीबोर्डने घेतली, आणि जुनी पावले मागे पडली हे खरे आहे. तरीही ज्या कलावंतांनी त्या नाचांवर अनेक हंगाम काढले आणि घरे चालवली, त्यांच्यासमोर त्या नाचांना नावे ठेवू नयेत. शिवाय जुनी पावले पुष्कळदा त्या गाण्यांच्या मधल्या संगीतातच लपलेली सापडतात, कारण पाय शिकलेले असतात ते आधीच्या तालमीतले असतात.

दुसरी पायरी: माणसांकडे जाण्याआधीचा कागद आणि फीत

कलावंतांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. निवडलेल्या नाचाविषयी जे काही मिळेल ते आधी गोळा करावे, कारण एखादे जुने हँडबिल किंवा फोटो समोर ठेवला की आठवणीला धरायला काहीतरी मिळते. वगाची बाडे फडमालकांच्या घरी असतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या संमतीसाठी पाठवलेल्या संहितेची प्रत काही घरांत प्रमाणपत्रासह जपलेली असते. यात्रा कमिटीच्या जुन्या हिशेबवहीत कोणत्या वर्षी कोणत्या फडाला सुपारी दिली, बिदागी किती ठरली, याची नोंद मिळू शकते आणि तिच्यावरून कालक्रम लावता येतो. सारंगखेड्याची दत्तयात्रा, अमळनेरचा सखाराम महाराजांचा उत्सव, धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा अशा ठिकाणी वर्षानुवर्षे दुकान थाटणाऱ्या छायाचित्रकारांच्या पेट्यांत निगेटिव्ह असतात. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी गावच्या यात्रेत घेतलेल्या व्हीएचएस फिती हे तर सर्वांत दुर्लक्षित साधन आहे.

फिती हाताळताना घाई करू नये. बुरशी आलेली फीत यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्राचे हेडही खराब होते. अशी फीत वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यावी. चांगल्या अवस्थेतली ऑडिओ कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी, हेड स्पिरिटने पुसावे आणि एकाच वेळी न थांबता पूर्ण बाजू संगणकावर उतरवावी. त्यानंतर वेग तपासणे अत्यावश्यक आहे, कारण जुन्या टेपरेकॉर्डरचा वेग क्वचितच बरोबर असतो आणि नाच पुन्हा बसवताना लयीतला छोटा फरकही पायांना जाणवतो. वेग तपासण्याची सोपी खूण म्हणजे पेटीवाल्याला पद कोणत्या पट्टीत गायले जात असे हे विचारणे. काळी चारमध्ये गायलेले पद कॅसेटवर पांढरी सहात ऐकू येत असेल, तर फीत सुमारे सहा टक्के जास्त वेगाने पळते आहे. अर्ध्या स्वराच्या फरकाला वेगातला फरक साधारण इतका असतो. तेवढा वेग कमी करून मगच ती तालमीसाठी वापरावी. मूळ उतरवलेली प्रत मात्र आहे तशीच ठेवावी.

तिसरी पायरी: माणसे आणि त्यांची वेळ

दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततात. या काळात कलावंताला गाठून मुलाखत मागणे म्हणजे त्याच्या झोपेत वाटेकरी होणे होय. रात्रीचा खेळ, सकाळचा हजेरीचा खेळ आणि पुढच्या गावचा प्रवास यांतून त्याला उसंत नसते. आषाढ आणि श्रावण हा या कामाचा खरा हंगाम आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशातली देवी बसते, त्या निमित्ताने सुरत-मुंबईला गेलेली माणसेही गावी येतात, आणि एरवी चार ठिकाणी विखुरलेला जुना संच एका आठवड्यात भेटण्याची शक्यता निर्माण होते.

पहिली भेट ढोलकीवाल्याची घ्यावी. नाचणाऱ्यांची पिढी बदलत राहिली तरी ढोलकीवाला एका फडात दीर्घकाळ टिकलेला असतो, त्याने तीन-चार जणींना किंवा नाच्यांना (स्त्रीवेषात नाचणाऱ्या पुरुषांना) त्याच गवळणीवर नाचवलेले असते, आणि कोणाचे पाऊल कुठे वेगळे पडायचे हे त्याला हाताच्या आठवणीने सांगता येते. त्याच्यानंतर मागे उभा राहून सूर धरणाऱ्या झीलकऱ्याला भेटावे. सगळा नाच मागून पाहिलेला तो एकमेव माणूस असतो आणि त्याला सहसा कोणी काही विचारलेले नसते.

नाचणाऱ्या व्यक्तीकडे जाताना घरच्या परिस्थितीचे भान ठेवावे. अनेक स्त्रियांनी फड सोडल्यावर मुलांची लग्ने केली, सुना आल्या, आणि तो काळ घरात बोलला जात नाही. जे पुरुष स्त्रीवेषात नाचले त्यांनाही पुढे गावाने चिडवले आहे. म्हणून ओळखीच्या माणसामार्फत निरोप द्यावा, जिभाऊ, आबा, मावशी जे गावात म्हणतात तेच म्हणावे, पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवावा आणि नकार आला तर तो शेवटचा समजावा. दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्यावी. सन्मानपत्राने चूल पेटत नाही. राज्य शासनाच्या वृद्ध कलावंत मानधन योजनेसाठी कलेचे पुरावे लागतात. आपण जमवलेली हँडबिले आणि फोटो यांच्या प्रती कलावंताला दिल्या, तर अर्जाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

हक्कांचा करार चित्रीकरणाआधी

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये नृत्यरचनेचा समावेश 'नाट्यकृती'च्या व्याख्येत केलेला आहे, मात्र ती रचना लेखी किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी अशी अट आहे आणि चित्रपट त्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणून केवळ चित्रफितीवर न विसंबता नाच लिहून ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही हिताचे ठरते. अमेरिकेत हान्या होल्म यांनी एका संगीतिकेतील आपली नृत्यरचना १९५२ मध्ये नोंदवली तीसुद्धा नृत्यलिपीत लिहून काढल्यावरच. आपल्याकडे कन्नड लेखक शिवराम कारंत यांनी यक्षगान या कर्नाटकातील लोकनाट्यावरून नव्या रूपात बसवलेल्या बॅलेच्या हक्कांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००९ मध्ये त्याचा निकाल लागला, हे उदाहरण लोककलेत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या पावलांवर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही. मात्र विशिष्ट फडमालकाने किंवा नाचणाऱ्याने केलेली विशिष्ट मांडणी त्याची असू शकते, आणि सादर करणाऱ्या कलावंताला आपल्या सादरीकरणाच्या ध्वनिचित्रमुद्रणावर कायद्याने पन्नास वर्षे हक्क असतो. म्हणून साध्या मराठीत एक पानाचा करार करावा. चित्रीकरण कोण पाहणार, समाजमाध्यमांवर टाकायचे की नाही, प्रयोगाला तिकीट लावल्यास कलावंताला काय मिळणार, त्याचे नाव कसे छापायचे किंवा छापायचे नाही, एवढे त्यात असावे. करार वाचून दाखवावा, एक प्रत घरी द्यावी, आणि मागाहून विचार बदलण्याची मुभा त्यात लिहावी.

चौथी पायरी: आठवणीची बैठक

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. "मावशी, तो नाच करून दाखवा" असे म्हटले की समोरची व्यक्ती अवघडते आणि दोन गिरक्या घेऊन थांबते. तिला नाच आठवत नसतो असे नाही. तो शब्दांनी बोलावल्यावर येत नाही, एवढेच. त्याऐवजी ढोलकीवाल्याला शेजारी बसवून फक्त ठेका सुरू करायला सांगावे. कोणी नाचायचे नाही, केवळ ऐकायचे. बहुतेक वेळा काही आवर्तनांनंतर बसल्या जागी पायाचा अंगठा हलू लागतो, मग मान, मग पदर सावरण्याची हालचाल. तेथेच थांबून विचारावे, की आता हात कुठे होता.

गुडघे दुखत असतील तर उभे राहण्याचा आग्रह मुळीच धरू नये. बसून, दोन्ही तळहात पाय समजून, पाटावर किंवा मांडीवर पावले वाजवून दाखवता येतात आणि त्यातून ताल अतिशय स्वच्छ कळतो. कोणती बाजू, कोणता पाय, टाच की चवडा, हे मात्र प्रत्येक वेळी तोंडाने वदवून घ्यावे.

दुसरी पद्धत त्याहून उपयोगी आहे. एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला समोर उभे करून आपल्याला जसे समजले तसे पाऊल टाकायला सांगावे. स्वतः दाखवताना ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, त्या दुसऱ्याचे चुकलेले पाहून लगेच तोंडी येतात: "तसं नको, आधी कंबर सोड, मग टाच", "पदर इतका वर नको, घागर पडंल". ही दुरुस्तीची वाक्ये म्हणजे त्या नाचाचे खरे व्याकरण आहे, म्हणून बैठक सुरू झाल्यापासून ध्वनिमुद्रण चालूच असावे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक हालचालीचे कारण विचारावे. तमाशात रंगमंचाला एक फेरी घातली की स्थळ बदलले असे प्रेक्षक समजतात. मग फेरी डावीकडून होती की उजवीकडून, त्या वेळी ढोलकी दुपटीत जात होती का, सोंगाडी फेरीत सामील होत होता की बाजूला उभा राहून बोलत होता, या तपशिलांना अर्थ आहे. कारणे पुष्कळदा अगदी व्यवहारी असतात. गॅसबत्ती एका बाजूला टांगलेली असे म्हणून तोंड तिकडे. तगतरावाच्या (सजवलेल्या गाडीच्या) मिरवणुकीत बैलगाडीवरच्या चार पावलांच्या जागेत नाचावे लागे म्हणून गिरकी जागच्या जागी. कारण कळले की नव्या रंगमंचावर काय बदलता येईल आणि काय बदलता येणार नाही, याचा निर्णय सोपा होतो.

पाचवी पायरी: चित्रीकरण

दोन कॅमेरे पुरेसे आहेत आणि चांगला मोबाइलही चालतो. एक कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण अंग सतत दिसेल अशी चौकट धरावी आणि ती नाच संपेपर्यंत हलवू नये. चेहऱ्याजवळ जाण्याचा मोह होतो, पण चेहरा दिसताना पाय निसटतात आणि आपल्याला पायच हवे असतात. दुसरा कॅमेरा जमिनीलगत, फक्त पावलांवर. सेकंदाला पन्नास चौकटी आणि शटर एक शतांश सेकंद ठेवल्यास जलद पाऊल धूसर होत नाही, आणि आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांची लुकलुकही टळते. एकदा समोरून, एकदा पाठीमागून असे दोन्ही बाजूंनी चित्रण करावे. शिकणाऱ्याला पाठीमागचे चित्रण अधिक उपयोगी पडते, कारण त्यात डावे-उजवे उलटे होत नाही.

ध्वनीसाठी वेगळा रेकॉर्डर ढोलकीजवळ ठेवावा. चाळांचा (पायांतल्या घुंगरांच्या पट्ट्यांचा) आवाज मात्र पायांजवळच्या दुसऱ्या मायक्रोफोनवर घ्यावा, कारण ढोलकी आणि चाळ एकाच मायक्रोफोनवर आले तर चाळ बुडतात. सुरुवातीला एक टाळी वाजवली की सगळी चित्रणे नंतर जुळवता येतात.

सहावी पायरी: नाच लिहिणे

रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये मांडलेली नृत्यलिपी जगभर वापरली जाते, पण ती शिकण्यास वर्षे लागतात आणि ढोलकीवाल्याला ती वाचता येत नाही. नोंद ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती वाचता आली पाहिजे, या कारणाने मी आडव्या ओळींच्या साध्या तक्त्याचा पुरस्कार करतो. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनाशी परिचय असलेल्या कोणालाही तो चटकन कळतो. गवळणीच्या सुरुवातीचे, गवळणी प्रेक्षकांकडे पाठ करून दोन्ही हातांनी पदर डोक्यामागे पसरून उभ्या असतात त्या क्षणाचे, नमुन्यादाखल एक आवर्तन असे लिहिता येईल:

मात्रा: १, २, ३, ४ । ५, ६, ७, ८
ढोलकी: धा, गे, न, ति । न, क, धि, न
पाय: उ, –, डा, – । उ, डा वर, डा, –
चाळ: वाजते, –, वाजते, – । वाजते, मूक, वाजते, –
वरचे अंग: पदर ताणलेला, मान स्थिर । मान उजवीकडे, सातव्या मात्रेला खांदा सैल

येथे 'उ' म्हणजे उजवे पाऊल सपाट, 'डा' म्हणजे डावे, आणि 'डा वर' म्हणजे डावा पाय उचलून धरलेला. चाळेची ओळ वेगळी ठेवण्याचे कारण सहाव्या मात्रेत दिसते. पाय उचललेला आहे, डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानाला शांतता आहे. ढोलकीवाला त्या रिकाम्या जागेत आपला बोल ठेवतो आणि लगेच सातव्या मात्रेला चाळ त्याला उत्तर देते. चित्रफीत पाहून शिकणारी मुलगी नेमकी ही मूक मात्रा चुकवते आणि तेथे पाय आपटते. नाच दिसायला तसाच राहतो, पण ढोलकीशी चाललेले त्याचे बोलणे तुटते. असाच तपशील पुढे गिरकीचा असतो: ती समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) सुरू होते की समेवर संपते? दोन्ही प्रकार प्रचारात असतात, आणि दोहोंत प्रेक्षकांना चेहरा दिसण्याचा क्षण पूर्णपणे वेगळा येतो.

हे काम संगणकावर करायचे असेल तर नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेने तयार केलेले 'इलान' हे मोफत साधन वापरावे. त्यात चित्रफितीखाली हव्या तितक्या ओळी आखून प्रत्येक क्षणाला नोंद जोडता येते आणि मराठीत लिहिता येते. तक्त्याची छापील प्रत काढून ती ढोलकीवाल्यासमोर वाचावी. त्याने बोल म्हणत बोट फिरवले आणि ते अडखळले नाही, तर नोंद जमली.

याखेरीज वेषाची मापे घ्यावीत. चाळेत किती घुंगरे, पट्टा कापडी की चामडी, एका पायाचे वजन किती, नऊवारीचा काष्टा किती घट्ट, पदराची लांबी किती, हे सारे पावलाची लांबी ठरवते. जड चाळ बांधल्यावर पाय उंच उचलता येत नाही, त्यामुळे पाऊल जमिनीलगत राहते आणि ठुमका कमरेतून येतो. हलक्या घुंगरांवर तीच रचना बसवली तर ती दुसरीच दिसते.

सातवी पायरी: पाठभेद

एकाच गवळणीची दोन माणसे दोन रूपे सांगतात, आणि बरोबर कोणते असा वाद सुरू होतो. नाच प्रत्येक फडात, प्रत्येक नाचणाऱ्याच्या अंगाप्रमाणे बदलत होता. एकच मूळ शोधून बाकीचे चूक ठरवणे हे त्या परंपरेला सोडून आहे. दोन्ही रूपे स्वतंत्र लिहावीत, प्रत्येकाखाली कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या काळातील हे नमूद करावे. प्रयोगासाठी मात्र एकच रूप निवडावे. चार रूपांतील आवडती पावले वेचून पाचवे रूप तयार करणे मोहाचे असते, परंतु असे रूप कधीच कोणी नाचलेले नसते.

जेथे कोणालाच आठवत नाही तेथे रिकामी जागा तशीच दाखवावी. प्रयोगात ती भरावी लागली तर त्याच फडाच्या, त्याच तालातल्या दुसऱ्या नाचातून पाऊल घ्यावे आणि तक्त्यात त्या ओळीला वेगळ्या रंगाने खूण करावी.

आठवी पायरी: नव्या पायांना शिकवणे

शिकणाऱ्यांना पहिले काही दिवस नाचू देऊ नये. ठेका हाताने धरणे, बोल म्हणणे आणि गवळण गाता येणे यांपासून आरंभ करावा. नंतर चाळ न बांधता पावले, मग थोड्या घुंगरांवर आणि शेवटी पूर्ण वजनावर, अशा क्रमाने जावे. फरशीवर किंवा सिमेंटवर सराव करू नये. जुने कलावंत मातीवर किंवा लाकडी फळ्यांवर नाचत होते, आणि जोराचे सपाट पाऊल कडक जमिनीवर रोज मारल्यास गुडघा व टाच दोन्ही दुखावतात. कथ्थक किंवा भरतनाट्यम् शिकलेल्या मुली लवकर पाऊल उचलतात, पण त्यांचा पाठीचा कणा आणि हात फार नेटके राहतात. त्यांना सैलपणा शिकवायला वेळ राखून ठेवावा.

ढोलकीवाला तालमीला प्रत्यक्ष हजर हवा. ध्वनिमुद्रणावर बसवलेला नाच एका ठरावीक लांबीत गोठतो, तर तमाशात प्रेक्षकांची दाद पाहून आवर्तने वाढवली जातात आणि तिहाईने (तीनदा घेतलेल्या बोलाने) एकमेकांना खूण देऊन थांबले जाते. ही खूण कशी दिली जाते, डोळ्याने, मानेने की एखाद्या ठरावीक बोलाने, हे शिकवल्याशिवाय नाच शिकवून झाला असे म्हणता येत नाही.

नववी पायरी: प्रयोग उभा करणे

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि रात्रभर चालणारा खेळ आखडला. वेळ कमी पडू लागला की कात्री सर्वांत आधी नाचाच्या मोकळ्या आवर्तनांवर चालते, कारण तेवढे काढले तरी कथा तुटत नाही. पुनरुज्जीवनाच्या प्रयोगात तेच करू नये. पूर्ण तमाशाचा संक्षेप करण्यापेक्षा गण (सुरुवातीची गणेशवंदना) आणि एक संपूर्ण गवळण, तिच्या सगळ्या थांब्यांसह आणि मावशी-पेंद्याच्या अहिराणी संवादांसह, दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. ते संवाद नाचणाऱ्यांना दम घेण्यासाठीही असतात, ही गोष्ट संवाद कापल्यावर लगेच कळते.

दोन निर्णय मात्र आधीच घ्यावे लागतात. पहिला, नाच्याचे काम पुरुषानेच करायचे का? मूळ रूप पुरुषाने स्त्रीवेषात नाचलेले असेल तर किमान एक प्रयोग तसा व्हावा असे माझे मत आहे, कारण त्या अंगविक्षेपाची लय पुरुषाच्या खांद्यांसाठी बेतलेली असते. दुसरा निर्णय द्व्यर्थी ओळी आणि उत्तान अदांविषयीचा. त्या गाळून 'सभ्य' रूप सादर केले तर टाळ्या मिळतील, पण ज्या बाईने त्या अदेवर प्रेक्षकांची नजर पेलून फड चालवला तिची कारागिरी पुसली जाईल. लहान मुलांसमोर प्रयोग असेल तर तो भाग वगळावा आणि वगळला असे सांगावे. नोंदीत तो पूर्ण असावा.

पहिला प्रयोग शहरातल्या नाट्यगृहात करण्याऐवजी ज्या गावात तो नाच होत होता तेथे, जमले तर यात्रेतच करावा. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारखी जागा नंतर घ्यावी. गावातल्या वृद्ध प्रेक्षकांना नाच आठवत असतो. "येथे अजून एक फेरी होती" असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले तर ती दुरुस्ती दुसऱ्या दिवशी तक्त्यात जावी.

दहावी पायरी: ठेवायचे कोठे

सगळ्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. फायलीच्या नावात तारीख, गाव, फड, नाच आणि भूमिका यांचा क्रम ठरवून घ्यावा आणि तो कधी बदलू नये. हस्तलिखिते व बाडे मूळ मालकाकडेच राहू द्यावीत व त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मालकाची द्यायची इच्छा असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या, कागद सांभाळण्याची परंपरा असलेल्या संस्थेशी बोलावे. ध्वनिचित्रफितींसाठी जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, दिल्लीची संगीत नाटक अकादमी आणि गुरुग्राममधील लोकसंगीताचे अभिलेखागार यांच्याकडे विचारणा करता येते. सोपवताना कराराची प्रत जोडावी, म्हणजे कलावंताने घातलेल्या अटी नोंदीबरोबर प्रवास करतील.

एक प्रत कलावंताच्या घरी जावी, आणि ती त्या घरात उघडेल अशा स्वरूपात असावी: पेन ड्राइव्ह, मोबाइलवर चालणारी छोटी चित्रफीत आणि तक्त्याची मोठ्या अक्षरांतली छापील वही. दुसरी वही ज्या फडाचा तो नाच आहे त्या फडाला दसऱ्याच्या तालमी सुरू होण्याआधी पोहोचवावी, म्हणजे हंगामाच्या गवळणीत तो घेता येईल का याचा विचार मालकाला वेळेत करता येतो. दरवर्षी आषाढात सर्व प्रती उघडून पाहाव्यात, बिघडलेली डिस्क बदलावी आणि त्या वर्षी मिळालेल्या दुरुस्त्या तारखेसह तक्त्यात चढवाव्यात.